दोऱ्यावरचा घास

धुळा बेडूक मागायला आला तेव्हा सुलाबाईच्या हातात दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला बकऱ्याच्या काळजाचा तुकडा. परसात दगडी डोणीच्या काठावर ती बसली होती. डोणीत वीतभर पाणी, पाण्यात तिरकी टेकवलेली फरशी आणि फरशीवर तो बसलेला, वाटीएवढा, हिरवट, पाठीवरून पिवळी रेघ गेलेला. तुकडा त्याच्या तोंडापुढं हलवायचा, थांबायचं, पुन्हा हलवायचा. न हललेलं तो खात नाही, समोर मेलेल्या माश्यांचा ढीग घातला तरी उपाशी बसून राहतो. तेवढ्यात पाण्यावर सावली पडली. वर बघितलं तर धाकटा दीर, जतच्या बाजूच्या वाडीवरून आलेला, घोंगडं खांद्यावर, पायांवर पांढरी धूळ. त्याची नजर त्या तुकड्यावर होती. सुलाबाईनं तुकडा मुठीत दडवला. धुळा ज्वारी मागेल, कडबा मागेल, मेंढरांना चारा कुठं मिळतो का विचारेल, या सगळ्याला काय सांगायचं ते नवऱ्यानं तिला पढवून ठेवलं होतं. धुळा म्हणाला, "वैनी, ह्यो बेडूक द्या."

ती हसलीच. धुळा हसला नाही. तो पायरीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला, पिताना हनुवटीखाली हात धरला होता, थेंब सांडू नये म्हणून. मग सांगायला लागला. मृग कोरडा गेला, तरणा पाऊस गेला, म्हातारा पाऊस गेला, आता श्रावण लागला तरी ढग नुसतेच वरून चाललेत. वाडीनं धोंडी काढायचं ठरवलंय. बेडूक मुसळाला उलटा बांधायचा, वर लिंबाचा डहाळा, दोघांनी खांद्यावर घेऊन दारोदार फिरायचं, बायांनी त्याच्यावर पाणी ओतायचं. बेडूक जिता पायजे, ओरडला पायजे, त्याचं ओरडणं वर ऐकू गेलं पायजे. आणि वाडीत बेडूकच नव्हता. "तळ्याच्या गाळात कंबरंएवढा खड्डा काडला वैनी. गाळ कसला, निस्ती ढेकळं. पोरं दोन कोसावरच्या विहिरीत उतरली. न्हाई घावला. मग मीच बोलून बसलो, माज्या भावाकडं सांगलीला हाय म्हनून. गावाला शब्द दिलाय." हे सांगताना त्याच्या तोंडावर थोडा तोरा आला. एवढ्या दुष्काळात गावाला हवी ती वस्तू आपल्या भावाच्या घरी आहे, याचा तो तोरा होता. सुलाबाईला त्याची कीव आली आणि रागही आला.

तिच्या नवऱ्याला, आप्पासोला, हे बेडकांचं वेड गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात लागलं. तो वखारभागातल्या एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता, बारा महिने बोटांची पेरं पिवळी. हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, तिकडं त्याची येरझार असे. तिथल्या एका ढासळलेल्या पेवात पाणी साचलं होतं आणि त्यात काळे ठिपके वळवळत होते, ते तो दुधाच्या किटलीतून घरी घेऊन आला. मूल नसलेल्या घरात नवरा काहीतरी घेऊन हसत आला, म्हणून सुलाबाईही हसली. त्यानं पिल्लं तिच्या रुखवतातल्या तांब्याच्या घंगाळात सोडली. सकाळी सगळी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. आप्पासोनं तिच्या माहेरच्या तांब्याला शिव्या घातल्या आणि त्याच दिवशी पुन्हा हरिपूरला गेला. दुसरी खेप दगडी डोणीत सोडली. त्यांना पालकाची पानं उकडून, कुस्करून घालायची, पाणी शिळं करून ओतायचं, आणि अंडं उकडून त्यातला पिवळा बलक बोटानं चोळून टाकायचा. अंडं. सुलाबाईचं पोट पडलं होतं तेव्हा डॉक्टरनं रोज एक अंडं खायला सांगितलं होतं. ते या घरात आलं नव्हतं, माळकरी सासूचं घर आहे म्हणून. सासू पुढं वारली, माळ तिच्याबरोबर गेली, आणि अंडं आलं ते बेडकांसाठी. सुलाबाई उरलेला पांढरा भाग उभ्या उभ्या खायची. चांगला लागायचा.

पिल्लांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. पुढचे फुटले की ती काही खात नाहीत, आपल्याच शेपटीवर जगतात, ती आत जिरेपर्यंत. तेवढे दिवस आप्पासो डोणीशी उकिडवा बसून असायचा, भात वाढला तरी उठायचा नाही. नंतर जिवंत खाणं लागलं. पिकलेलं केळं बरणीत ठेवून त्यावरच्या चिलटांची पैदास केली, मग वाळवी, मग टोळ, मग झुरळं. झुरळं पकडायचं काम सुलाबाईचं. मोरीत वाकून, पदर कमरेला खोचून, चिमटीत मिशा धरून. गुरुवारचा उपास असला तरी. आणि एके दिवशी तिनं बघितलं, सगळ्यांत मोठ्याच्या तोंडातून दुसऱ्याचे दोन पाय बाहेर आलेले, अजून हलत होते. मोठा गिळत होता, गिळताना त्याचे डोळे आत ओढले जात होते. ती ओरडली. आप्पासो धावत आला, बघितलं आणि शांत झाला. "राहू दे," तो म्हणाला. "एकच राहील, पण चांगला राहील." महिनाभरात एकच राहिला. डोणीबाहेर फुटक्या घागरीत दोन भेकूडं होती, त्याच पेवातली, बेडकाचीच पण हलकी जात, खरबरीत अंगाची, गरीब. ती मिळेल ते खायची आणि गप्प बसायची. आप्पासोचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. सुलाबाईला तेव्हाच कळलं होतं, या घरची रीतच ही. दोघं भाऊ, शाळा दोघांची सुरू झाली, पण मेंढ्यांमागं एकाला जावं लागलं आणि कोकरं विकून दुसरा बोर्डिंगात शिकला. एकच राहिला, चांगला राहिला, हळदीच्या अडतीवर दिवाणजी झाला. गिळला गेलेला आता पायरीवर बसून हनुवटीखाली हात धरून पाणी पीत होता, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

दुपारचं चारायचं काम नवऱ्यानं तिला शिकवलं होतं, मनगट धरून. दोरा किती लांब, तुकडा केवढा, कुठं थांबायचं. "भूक चढू द्यायची. माया लावून येत नसतं ते सुला, भूक लावून येतं." तिचं मनगट त्यानं तेवढ्यापुरतंच धरलं. त्यामुळं दोऱ्याला हात लागला की तिला ती बोटं आठवायची आणि कधी कधी ती तुकडा द्यायचीच नाही. बेडूक झेपावला की मागं घ्यायचा. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. तो हवेवर तोंड मिटायचा, फरशीवर आपटायचा, पुन्हा तयार व्हायचा. त्याला राग येत नव्हता, शहाणपण येत नव्हतं. असं करताना तिच्या छातीत ऊब येऊन बरं वाटायचं, चुलीपुढं थंडीत बसल्यावर वाटतं तसं. मग तुकडा देऊन टाकायची आणि हात धुवून भांडी घासायला बसायची. संध्याकाळी आप्पासो चपला काढता काढता विचारायचा, "खाल्लं का त्यानं?" ती म्हणायची, खाल्लं. तू खाल्लंस का, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

"मायाक्का कशी हाय?" तिनं धुळाला विचारलं.

धुळा पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. मायाक्का त्याची थोरली लेक, सहा-सात वर्षांची. तिची आई अंगावरचं पोर घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, तिथं सुकडीचा कोरडा खाऊ वाटतात तो धाकटीला चारते. मायाक्का कामावरच्या बायांची पोरं सांभाळते. "हाय," धुळा म्हणाला. "रेशनच्या मिलो जुंदळ्याची भाकरी खाती आनि वकती." सुलाबाईला चैत्रातली एस.टी. आठवली. बिरोबाच्या यात्रेहून परत निघताना ती मायाक्काला बरोबर घेऊन बसली होती. धुळा द्यायला तयार, त्याची बायको तयार, पोरगी तर नव्या झग्यात खिडकीशी बसलेली, सुलाबाईच्या दंडाला घट्ट धरून. गाडी सुरू व्हायच्या आत आप्पासो आला, पोरीला काखेत हात घालून उचललं आणि खाली धुळीत उभं केलं, पोतं उतरवतात तसं. घरी आल्यावर म्हणाला, "परक्याचं पोर वाढवायचं, मोठं झालं की ते मागायला येणार. आपण कशाला?" सख्ख्या भावाला तो परका म्हणाला. त्या दिवसापासून सुलाबाईच्या दंडावर त्या पाच बोटांची पकड राहिली होती. कुणीतरी भुकेलं होऊन आपल्याकडं यावं, आपल्या हातचं खाऊन आपल्या मांडीवर झोपावं, याच्यापलीकडं तिला या जन्मात काही नको होतं. देवळात गेली तरी ती दुसरं काही मागत नसे.

तिनं आधी घागरीतलं एक भेकूड उचलून दाखवलं. "ह्ये न्या की."

"ह्ये भेकूड हाय वैनी. ह्ये न्हेलं तर गाव माज्या तोंडात श्यान घालंल. आनि वरडत बी न्हाई."

"मग ह्योच न्या," ती म्हणाली. "पर मायाक्काला आनून सोडा. बाजारच्या दिवशी."

"दादा..."

"दादांचं मी बगते. बेडूक पायजे का न्हाई?"

धुळानं मान हलवली. त्या मान हलवण्यात काय काय होतं हे सुलाबाईनं बघितलं नाही, बघायचं नव्हतं. ती डोणीत वाकली. पकडताना बेडूक पळेल असं तिला वाटलं होतं, पण हात आला म्हणजे खाणं आलं एवढंच त्याला माहीत. तो तिच्याकडं वळला आणि तोंड उघडून थांबला. दोन्ही हातांत धरला तेव्हा त्याचं पोट तिच्या तळव्यावर उडत होतं. गार, मऊ, जड. बाळाचं वजन हातांत कसं लागतं हे तिला ठाऊक नव्हतं, तरी त्या क्षणी तिला तेच आठवलं. तिनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून किटलीत घातला. तीच किटली. याला उलटा टांगतील, उन्हात फिरवतील, हे तिला माहीत होतं. माहेरी लहानपणी तिनंही धोंडीवर पाणी ओतलं होतं आणि टाळ्या पिटल्या होत्या.

"ह्ये खातंय काय?" दारात धुळानं विचारलं.

"हलंल ते."

"आनि न्हाई हललं तर?"

"तर न्हाई खात," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी आप्पासो आला, चपला काढल्या, परसात गेला. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. पाठीला कान फुटल्यासारखे झाले होते. तो किती वेळ डोणीपाशी उभा राहिला कोण जाणे. मग रांजणातलं पाणी घेऊन हात धुतल्याचा आवाज आला. तो पाटावर येऊन बसला. "कुणी नेला?" तिनं सांगितलं. धोंडीला, हेही सांगितलं. पोरीचंही सांगितलं, एका दमात, भाकरी थापता थापता. आज मार खायचा, खाऊन घ्यायचा, पण मागं हटायचं नाही असं तिनं दुपारीच ठरवलं होतं. मार खाल्ला असता तर तिला बरंच वाटलं असतं. काहीतरी तिच्यासाठी म्हणून झालं असतं. आप्पासो म्हणाला, "फडकं ओलं होतं का?" होतं म्हणाली. "मधे कुठं भिजवायला सांगितलंस का?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. त्यानं भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि जेवला. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. सवयीनं रविवारी काळीज आणलं, डोणीच्या काठावर पुडी ठेवली आणि तसाच निघून गेला. पुडीला मुंग्या लागल्या. फुटक्या घागरीतली दोन्ही भेकूडं त्यानं रस्त्यापलीकडच्या कोरड्या गटारीत नेऊन सोडली. एक तिथंच सायकलखाली आलं.

धुळा बोलल्याप्रमाणं बाजारच्या दिवशी आला. मायाक्का त्याच्या घोंगड्याचं टोक धरून दारात उभी राहिली. हातपाय काटक्या, पोट पुढं आलेलं, केस तांबूस झालेले. सुलाबाईनं पुढं होऊन तिला कडेवर घेतलं. पोरगी तिच्या खांद्यावरून चुलीकडं बघत राहिली. त्या दिवशी अडतीला सुट्टी होती, आप्पासो घरात होता. धुळा भावासमोर खाली मान घालून बसला आणि कुणी न विचारता धोंडीचं सांगायला लागला. असा बेडूक कुणी बघितला नव्हता म्हणे. शेजारच्या वाड्यांची माणसं बघायला आली. पहिल्या दिवशी लय ओरडला. बायांनी टँकरचं पाणी वाटी वाटी ओतलं. "पर पोरं लय वांड. मुसळाला उलटा लोंबतोय, आनि पोरं तोंडाम्होरं बोटं हलवायची. त्यो आपला आ करून बोटावर यायचा. बोट मागं. पुन्ना आ. समदी हसून हसून बेजार. म्हातारी मानसं बी हसली दादा, कैक दिसांनी." दुसऱ्या दिवशी तो कधी मेला हे कुणाला कळलं नाही. पाणी पडलं की पाय हलल्यासारखे वाटायचे, म्हणून तसाच पुढच्या वाड्यांतून फिरवला. पाऊस काही आला नाही. धुळा थांबला. हे सांगून आपण काय मिळवलं असं त्याला वाटलं असावं. सुलाबाईला वाटलं, ती बोटं पोरांची नव्हती, तिची होती. हे खेळणं त्याला कुणी लावलं होतं, हे त्या खोलीत तिला एकटीला माहीत होतं. आप्पासो उठला, पोरीजवळ गेला, तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली, पोटावर टिचकी मारली, तोंड उघडायला सांगितलं. तिनं उघडलं. तो बराच वेळ आत बघत होता. "हिला एकदम काही देऊ नको," कितीतरी दिवसांनी तो बायकोशी बोलला. "आतडी सोसणार नाहीत. मी देत जाईन."

सुलाबाईला रडू आलं, आनंदानं. धुळा गेला तेव्हा पोरगी रडली नाही, वळूनही बघितलं नाही. आप्पासो खरंच तिला चारायला लागला. पेज गाळून, मग भाताची खीर, मग मुगाची खिचडी, थोडी थोडी, वेळ बघून. रोज एक अंडं. त्याला त्यातलं कळत होतं, हे कबूल करायला हवं. अडतीवरून दुपारचा घरी यायचा, चपला काढायच्या आधी विचारायचा, "काही दिलं नाहीस ना?" ती म्हणायची, नाही. मग तो उकिडवा बसायचा, पोरगी समोर. पिवळ्या बोटांत छोटासा घास. तिची भूक पुरती डोळ्यांत येईपर्यंत थांबायचा, मग द्यायचा. पोरीचं पोट बसलं, गाल भरले, केसांना काळेपणा आला. शेजारच्या बाया म्हणायच्या, माणूस बदलला हो तुझा, लेक आली आणि बाप झाला. सुलाबाई हो म्हणायची. न्हाऊ घालायची ती, वेणी घालायची ती, गोधडी अंथरायची ती, पण पोरगी झोपेत कूस बदलायची ती आप्पासोच्या पाटाकडं. दिवसभर ती दारात बसून असायची. खेळत नव्हती, बोलत नव्हती. रस्त्यावरून चप्पल वाजली की मान ताठ व्हायची. सुलाबाईनं एकदा नवऱ्याला म्हटलं, "आवं, एक घास मला देऊ द्या की तिला." तो म्हणाला, "दोघांच्या हातचं खायला शिकली की बिघडते." हे तो इतक्या सहज बोलला, की यात बोलण्यासारखं काही आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

भादव्यातल्या एका दुपारी निरोप आला की मालक बाहेरगावी निघालेत, दिवाणजी बरोबर जाणार, संध्याकाळी उशीर होईल. सुलाबाईनं दार लोटलं. गरम भाकरी कुस्करली, तीत गूळ आणि होतं नव्हतं तेवढं तूप घालून मलिदा केला. घरभर वास सुटला. पितळेच्या ताटलीत मलिदा घेऊन ती दाराशी पोरीच्या पुढ्यात बसली. सकाळच्या पेजेवर मायाक्काच्या पोटात काही नव्हतं. तिनं ताटलीकडं बघितलं, गळ्याशी आवंढा वरखाली झाला.

"खा माय," सुलाबाई म्हणाली.

"काका आल्यावर."

"काकांस्नी येळ हाय. रात हुईल. खा तू. मी न्हाई सांगत कुनाला."

"काका आल्यावर."

सुलाबाईनं घास केला, छोटा, आणि तिच्या ओठांपाशी नेला. मायाक्कानं ओठ घट्ट मिटले. मलिद्याचं तूप ओठांना लागलं, तेही तिनं जिभेनं चाटलं नाही. भ्याली असती तर सुलाबाईनं तिला पोटाशी धरलं असतं, समजूत काढली असती, भीतीचं काय करायचं ते तिला कळलं असतं. पण पोरगी भ्याली नव्हती. तिनं सुलाबाईचा हात मनगटाला धरून हळूच बाजूला केला आणि रस्त्याकडं तोंड करून बसली.

हात तसाच राहिला, खांदा भरून आला. मग तो घास सुलाबाईनंच खाल्ला. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं.